तारे देण्याआधी दिवा लावून बघा

पुण्यातल्या आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या कार्यकारिणीस, आणि ज्यांच्या कपाटात स्लाइड्सचे डबे अजून पडून आहेत अशा इतर संस्थांच्या कार्यकारिणींसही,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमचं परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलं. संस्थेच्या कपाटातल्या स्लाइड्स (माउंटमध्ये, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेली फिल्मची चित्रं), व्हीएचएस कॅसेटी आणि मिनी डीव्हीच्या टेपा एका एजन्सीकडून स्कॅन करून घ्यायच्या, हार्ड डिस्कवर चढवायच्या, आणि मग सदस्यांनी प्रत्येक कार्यक्रमाला एक ते पाच तारे द्यायचे, असा बेत आहे म्हणे. स्कॅनिंगचं वाचून बरं वाटलं. ताऱ्यांचं वाचून पोटात गोळा आला. हेच तारे आम्ही इथे एकदा वाटून बसलो होतो, आणि ते निस्तरण्यात चार हिवाळे गेले.

मी उत्तर अलाबामात राहतो, हंट्सविलजवळ. अमेरिकेतल्या गुहावाल्यांची मोठी संस्था, नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी, हिचं मुख्यालय याच गावात आहे. स्थापना १९४१ची. तिच्या स्थानिक शाखांना 'ग्रोटो' म्हणतात. टेनेसी, अलाबामा आणि जॉर्जिया यांच्या सीमा जिथे भिडतात तो सगळा चुनखडीचा पट्टा 'टॅग' या नावाने ओळखला जातो. पायाखाली इतक्या पोकळ्या, की शनिवार-रविवारी आपल्याकडे जसं कुणी ना कुणी राजमाचीला निघालेलं असतं तसं इथे कुणी ना कुणी जमिनीखाली असतं. जॉर्जियातल्या एलिसन्स केव्हमध्ये 'फँटॅस्टिक पिट' नावाची एक सरळ उभी विहीर आहे, ५८६ फूट. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवून आत सोडले तरी वर जागा उरेल.

मी ज्या क्लबात आहे त्याचं नाव इथे नको, कारण पुढे जे गोंधळ सांगणार आहे ते आमचेच आहेत. क्लबाकडे उसने द्यायच्या कार्यक्रमांचं एक छोटं ग्रंथालय आहे. कार्यक्रम म्हणजे कोडॅकच्या कॅरोसेल प्रोजेक्टरचा ऐंशी स्लाइडींचा गोल ट्रे आणि सोबत एक कॅसेट. कॅसेटवर निवेदन चालू असतं, मधेच 'टिंग' वाजतं, की बटण दाबून पुढची स्लाइड आणायची. नंतर व्हीएचएस आल्या, मग डीव्हीडी. शाळा, स्काउटची पथकं, दुसरे क्लब हे पत्र टाकून मागवायचे, आम्ही खोक्यात भरून पोस्टाने पाठवायचो, आणि खोकं परत आलं की उघडताना देवाचं नाव घ्यायचो.

पहिली यादी दीड पानाची होती, टाइप केलेली. नाव, स्लाइड किती, मिनिटं किती, आणि शेवटच्या रकान्यात तारे. ते दिले होते कुणी? ज्यांनी कार्यक्रम केले त्यांच्याच मित्रांनी. क्लब असतो चाळीस-पन्नास डोक्यांचा. शनिवारी ज्याने बांधलेल्या दोरावर तुम्ही लोंबकळता, त्याच्या स्लाइड शोला मंगळवारच्या मीटिंगमध्ये दोन तारे कोण देणार? आपला तो बाब्या. सबंध यादीत तीनच्या खाली एकही आकडा नव्हता. बाहेरून आलेल्या एका ब्रिटिश कॅसेटला मात्र तीन मिळाले होते, आणि तिचा दोष एवढाच की ती तिकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीची होती, इथल्या 'एनटीएससी' पद्धतीच्या व्हीसीआरवर चित्र गडगडायचं. म्हणजे ती कुणी धड पाहिलेलीच नव्हती!

नावांचंही तसंच. एका कार्यक्रमाच्या नावात 'साम्राज्य' असा भारदस्त शब्द होता. आत पहिली वीस स्लाइड गाडीत सामान भरण्याच्या, पुढच्या दहा तंबूपाशी बीन्स गरम करण्याच्या. नाव सोनुबाई. त्यालाही साडेचार तारे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एके दिवशी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी आमच्या यादीतला पाच ताऱ्यांचा, 'सर्वांसाठी' असा शेरा असलेला कार्यक्रम सहावीच्या वर्गाला दाखवला होता. मुलांना आवडला. मग एका मुलीने विचारलं, तो काका दगडाच्या फटीत पांढरं काय ओततोय?

तो काका कार्बाइडचा दिवा रिकामा करत होता. कार्बाइड तुम्हाला माहीत आहे, चोरून आंबे पिकवायला वापरतात तेच. त्यावर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू निघतो, तो जळतो आणि लख्ख उजेड पडतो. खाणीतून आलेला हा दिवा कित्येक दशकं गुहावाल्यांच्या कपाळावर होता. जळून उरतो तो चुन्याचा ओला लगदा. पूर्वी लोक तो सर्रास आतच ओतून पुढे जायचे. गुहेतले किडे, आंधळे झिंगे, असे नाजूक जीव त्याने मरतात हे कळल्यावर पिशवीत भरून बाहेर आणायची शिस्त आली. आमचा कार्यक्रम ती शिस्त येण्याआधीचा. फोटो अप्रतिम, निवेदन खणखणीत, आणि मधोमध ही घाण, तीही कौतुकाने दाखवलेली. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पाठवण्याआधी तुमच्यापैकी कुणी हा बघता का?"

कुणी बघत नव्हतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, गुरुवारी संध्याकाळी, एका सदस्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला पांढरी चादर लावून आम्ही एकेक कार्यक्रम पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत पाहायला लागलो. नियम एक: बघणारे तिघं, आणि त्यातला एक तरी कधी गुहेत न गेलेला. या तिसऱ्या जागेवर आमच्या एका सदस्याच्या सासूबाई बसायच्या, निवृत्त ग्रंथपाल. विणकाम चालू, नजर चादरीवर. आम्ही स्तंभांवरचं नक्षीकाम बघून वा वा करत असताना त्या म्हणायच्या, "हा माणूस चार मिनिटं झाली एकाच खड्ड्याबद्दल बोलतोय." त्यांचे शेरे आजही सगळ्यात उपयोगाचे आहेत.

या गुरुवारांत आमच्या लक्षात आलं की आम्ही एका आकड्यात दोन-तीन वेगळ्याच गोष्टी कोंबत होतो. फोटो कसे आहेत ही एक. आज दाखवण्याजोगं आहे का, आणि कुणाला, ही दुसरी. प्रत कोणत्या अवस्थेत आहे ही तिसरी. पहिलीत पाच आणि दुसरीत शून्य असा कार्यक्रम असतो, आणि मधलाच कुठला तरी तीन घेऊन तो यादीत मुकाट बसतो. तीन बघून कुणी तो नेतही नाही आणि त्यातला धोका कुणाला कळतही नाही.

धोका म्हणतोय ते उगाच नाही. जुन्या कार्यक्रमांतल्या दोराच्या पद्धती बघा. कंबरेभोवती नुसता दोर आवळून, हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचे पट्टे) नाही, असा माणूस खोल विहिरीत उतरताना दिसतो. १९५०च्या दशकात ते धाडस होतं, साहित्यच नव्हतं. टॅगमधले लोक प्रूसिक गाठींवर (भार पडला की दोराला घट्ट धरणाऱ्या) शेकडो फूट चढून यायचे. दोरावर चढायची पकड, जुमार, युरोपातून १९५०च्या दशकाच्या शेवटी आली, दोरावरून उतरायचा इथला रॅपल रॅक त्यानंतरचा, १९६०च्या दशकातला. पण कंबरेच्या नुसत्या दोरावर लटकून राहिलेला माणूस काही मिनिटांत श्वासाला महाग होतो, हे आज पहिल्या दिवशी शिकवतात. नवशिक्यांच्या वर्गाला तो कार्यक्रम 'उत्कृष्ट' म्हणून पाठवणं म्हणजे काय? तुमच्या कपाटातही ऐंशीच्या दशकातल्या सुळक्यांच्या स्लाइड्स असतील. त्यात अँकर, म्हणजे दोर अडकवलेला आधार, कसला आहे, बिले कोण देतोय (चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळतोय), हेल्मेट किती डोक्यांवर आहे, हे आधी बघा. त्या मोहिमा थोर होत्या, यात वादच नाही. पण तुमच्या रॅपलिंगच्या शिबिरातल्या मुलांना त्या दाखवायच्या तर शेजारी उभं राहून सांगणारा माणूस पाहिजे, आणि तसं यादीत लिहिलेलं पाहिजे.

वटवाघळांचंही असंच आहे. २००६च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं फोटोत टिपली गेली. पुढे त्या रोगाने पूर्वेकडून सरकत सरकत लाखो वटवाघळं मारली. बुरशी त्यांना हिवाळ्याच्या झोपेतून पुन्हा पुन्हा उठवते, साठवलेली चरबी संपते, ती उपाशी मरतात. २०१२ मध्ये ती अलाबामात पोचली. इथल्या फर्न केव्हमध्ये करड्या वटवाघळांची प्रचंड वस्ती हिवाळा काढते, त्यामुळे आमच्यासाठी हा दूरचा विषय नव्हता. या रोगामुळे एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाताना कपडे, बूट, दोर निर्जंतुक करणं आलं, काही गुहा बंद झाल्या. आता त्याआधीचा कोणताही कार्यक्रम लावा. चिखलाने लडबडलेले तेच कपडे घालून मंडळी एका दिवसात तीन गुहा करतात आणि उघड्या हातांनी वटवाघूळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरतात. तेव्हा ते चुकत नव्हते. आज तेच दृश्य न बोलता दाखवलं तर आपण चुकतो.

तर आमचा कागद आता कसा दिसतो, ते एक कार्ड उतरवूनच देतो.

"क्र. ३१. स्लाइड ७७ (डब्यावर ८० लिहिलंय, १२, ४०, ४१ नाहीत). कॅसेट एका बाजूला, घड्याळ लावून १९ मिनिटं. टिंग ऐकू येतं, स्लाइड हाताने सरकवावी लागते. माउंटवर छाप जाने. ७२, ही रोल धुतल्याची तारीख, फोटो त्याआधीचे. ६ ते ९ फिक्या. २३वर कार्बाइड आत ओतताना दिसतं, दाखवणाऱ्याने थांबून सांगावं. ५५वर गुहेचं तोंड आणि मागे रस्त्याची पाटी, क्लबाबाहेर देताना ही काढून ठेवावी. शाळेला: सांगणारा सोबत असेल तरच. क्लबला: जरूर. एकाचं मत: आतापर्यंतचा सर्वांत देखणा. दुसरीचं मत: शेवटची सहा मिनिटं कापावीत."

दोन्ही मतं ठेवली आहेत, बघा. त्यांची बेरीज-भागाकार करायचा नाही. सासूबाईंचं मत कुठलं हे सांगायला नकोच.

यातली ५५ नंबरची स्लाइड हा स्वतंत्र विषय आहे. इथे १९८८च्या एका केंद्रीय कायद्याने सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहा कुठे आहेत ही माहिती गोपनीय ठेवता येते. हजारो वर्षांत थेंबाथेंबाने वाढलेला लवणस्तंभ एका दुपारी कुणीतरी मोडून घरी नेतो, तो पुन्हा येत नाही. म्हणून 'किती चांगला' याच्या जोडीला 'कुणाच्या हातात द्यावा' हेही आम्ही लिहितो. एखाद्या आडवाटेच्या धबधब्याचं नाव रीलमध्ये गेलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे काय होतं हे मी तुम्हाला काय सांगावं. हार्ड डिस्कवरचा फोटो डब्यात राहत नाही. स्कॅन झाल्यावर हे ठरवू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

आणखी एक गंमत ताऱ्यांचीच. ज्याला पाच तारे त्याला मागणी जास्त, ज्याला मागणी जास्त तो प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर जास्त वेळा जाणार. कोडाक्रोम फिल्मची स्लाइड अंधारात ठेवली तर पन्नास वर्षांनीही कालची वाटते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात तिचे रंग लवकर उतरतात. आमचे सर्वोत्तम ठरवलेले दोन कार्यक्रम कौतुकानेच फिके पडले, आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही ते अजून टवटवीत आहेत. मूळ स्लाइड बाहेर पाठवायचीच नाही, प्रत पाठवायची, हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. तुम्ही स्कॅन करणार म्हणजे हा प्रश्न तुमचा सुटलाच, फक्त स्कॅन झाल्यावर मूळ डबे रद्दीत घालू नका. हेही एका संस्थेने केलेलं पाहिलं आहे.

वर्गीकरणाबद्दल फार लिहीत नाही. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात गुहा पडते ५५१.४४७ला, भूशास्त्रात, गुहेत जाणं पडतं ७९६.५२५ला, खेळांत. आमच्या ऐंशी स्लाइडींपैकी चाळीस इकडच्या आणि चाळीस तिकडच्या, मग ट्रे कापायचा का? आम्ही साधे अनुक्रमांक दिले आणि विषयांची सूची वेगळी केली. तुमच्या परिपत्रकात मात्र 'गुहा' असा एक विभाग आहे आणि त्यात भाजे, कार्ले, बेडसे आहेत. अहो, ती लेणी! इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून आपणही एकाच डब्यात घालायचं? चुनखडी पाण्यात विरघळून गुहा होते. आपला बेसाल्ट तसा विरघळत नाही, म्हणून तर माणसांना छिन्नी घ्यावी लागली. मेघालयात गेलेल्या मंडळींच्या खऱ्या गुहांच्या स्लाइड्स तुमच्याकडे असतील तर त्यांना स्वतंत्र घर द्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

आमच्या संग्रहात अकरा ट्रे असे आहेत की त्यांना कॅसेटच नाही. ज्याने फोटो काढले तो स्वतः उभा राहून बोलायचा, म्हणून कुणी कधी निवेदन रेकॉर्ड केलं नाही, कागदावरही उतरवलं नाही. त्यातली तीन माणसं आता नाहीत. फोटो आहेत, सुरेख आहेत. एका मोठ्या दालनात चौघं जण उभे आहेत, चार कोपऱ्यांत चार फ्लॅशबल्ब एकाच वेळी उडवलेले, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून घेतलेला फोटो. ते चौघं कोण, दालन कोणतं, त्या दिवशी ते तिथे पहिल्यांदा पोचले होते की दहाव्यांदा, काही कळायला मार्ग नाही. कार्डावर आम्ही लिहिलं आहे: 'स्लाइड ८०. निवेदन नाही. विचारायला कुणी नाही.' याला किती तारे द्यायचे?

तुमच्या कपाटात, मला आठवतं त्याप्रमाणे, कॅसेटवाला एकही कार्यक्रम नव्हता. आपल्याकडे सगळे उभं राहूनच बोलायचे. गणपतीत मंडळाच्या मांडवात बोलायचे, कॉलेजच्या हॉलमध्ये बोलायचे, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी लांबायची. त्यातले बरेच जण आज सत्तरीपलीकडे आहेत, पुण्यात आहेत, आणि दुपारी चारला बोलावलं तर पावणेचारला येतील. एजन्सीला डबे देण्याआधी त्यांना बोलवा. चादर लावा, प्रोजेक्टर लावा, शेजारी फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, आणि त्यांना बोलू द्या. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही होईल.

एजन्सीच्या माणसाला एक सांगा. ट्रेमधल्या स्लाइड्स काढल्यावर त्यांची वरची कड बघायची. काही डब्यांत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत स्केचपेनची तिरपी लाल रेघ सगळ्या माउंटांवरून गेलेली दिसेल. ती शाई सांडलेली नाही. स्लाइड्स क्रमाने लावल्या की रेघ सरळ जुळते, एखादी गहाळ असली तर तिथे खाच पडते, उलटी लागली असली तर ठिपका भलतीकडे जातो. मी कॉलेजात असताना ती रेघ मीच ओढली आहे, कोकणकड्याच्या ट्रेवर नक्की, बाकीच्यांवर बहुतेक. ती पुसू नका आणि क्रम मोडू नका. बुरशी लागलेल्या स्लाइड्स ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका.

जानेवारीत तीन आठवडे मी पुण्यात आहे. स्लाइड बघायचं भिंग आणि एक चपटी लाइटची पाटी घेऊन येतोय, कोरी कार्डंही आणतो. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी संस्थेच्या खोलीत बसू शकलो तर बरं. गुहेत किंवा कड्यावर कधीही न गेलेला एक माणूस लागेल. कुणाच्या सासूबाई तयार असतील तर आधी त्यांना विचारा. आणि त्या कपाटाची किल्ली पूर्वी चिटणीसांच्या घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला असायची. आता कुणाकडे असते तेवढं कळवा.

आपला,
एक जुना सदस्य, मुक्काम उत्तर अलाबामा
(वर्गणीची शेवटची पावती सापडत नाही. थकबाकी असेल तर जानेवारीत भरतो.)